वलयांतील गंधक, कॅल्शियम आणि उद्रेकाचे वर्ष

इतिहासाने नोंदवलेल्या ज्वालामुखी उद्रेकांची वर्षे आपल्याला सहज सांगता येतात. तांबोरा १८१५, क्राकाटोआ १८८३, अलास्कातील नोव्हारुप्टा १९१२. त्याआधीच्या बहुसंख्य उद्रेकांना मात्र निश्चित वर्ष नाही. राखेखाली गाडल्या गेलेल्या लाकडाचे कार्बन-१४ मापन केले, तर उत्तर बहुधा काही दशकांच्या पट्ट्यात येते. ग्रीनलंडच्या बर्फात सल्फेटचा थर सापडला, तर वर्ष बऱ्यापैकी कळते, पण ते सल्फेट कोणत्या ज्वालामुखीचे हे केवळ त्या थरावरून कळत नाही. ज्या प्रदेशात झाडांची वाढ ऋतूनुसार थांबते, तिथे मात्र खोडात दरवर्षी एक वलय तयार होते. झाड जागचे हलत नाही, आणि त्याच्या बुंध्याभोवतीच्या जमिनीवर राख पडली तर मुळांना मिळणाऱ्या पाण्याचे रसायनही बदलते. हा बदल त्या वर्षाच्या वलयात उमटतो का, आणि उमटत असेल तर त्यावरून उद्रेकाचे वर्ष सांगता येते का, या प्रश्नावर काम करणाऱ्या एका गटात मी रासायनिक विश्लेषणाची बाजू सांभाळण्यासाठी सामील झाले. नमुने घेण्यापासून ते निष्कर्षाची भाषा ठरवण्यापर्यंतची प्रक्रिया मी त्यात जवळून अनुभवली.

आम्ही सुरुवात अज्ञात उद्रेकापासून केली नाही. ज्याचे वर्ष नोंदींतून पक्के ठाऊक आहे, असा उद्रेक निवडायचा आणि त्याची खूण वलयांत खरोखर दिसते का हे आधी पाहायचे, असे ठरले. या मार्गाला चांगला पूर्वाधार होता. मेक्सिकोतील मिचोआकान प्रांतात २० फेब्रुवारी १९४३ रोजी एका शेतात पारिकुतिन हा ज्वालामुखी जन्माला आला आणि १९५२ पर्यंत तो जागता राहिला. त्याच्या परिसरातील पाइन वृक्षांच्या वलयांत उद्रेकानंतर गंधक आणि फॉस्फरस वाढल्याचे अ‍ॅरिझोनातील संशोधकांना आढळले, आणि त्या अनुभवाच्या बळावर ते अ‍ॅरिझोनातल्याच सनसेट क्रेटर या जुन्या ज्वालामुखीकडे वळले. आमच्या ज्वालामुखीचे नाव मी येथे देत नाही, कारण आमचे निष्कर्ष अद्याप तपासले जात आहेत.

नमुने घेण्यासाठी जे उपकरण वापरतात ते म्हणजे हाताने फिरवायचा पोकळ पोलादी गिरमिट. तो खोडात सालीपासून गाभ्याच्या दिशेने फिरवत न्यायचा आणि आतून लाकडाची कांडी बाहेर काढायची. केवळ वलये मोजायची असतील तर सुमारे पाच मिलिमीटर जाडीची कांडी पुरते, पण रसायनासाठी आम्ही बारा मिलिमीटरची घेतली, कारण गिरमिटाला चिकटून आलेला बाहेरचा भाग कापून टाकल्यावरही आत पुरेसे लाकूड उरावे लागते. पोलादातले लोह, क्रोमियम, निकेल आणि मँगनीज कांडीच्या पृष्ठभागावर घासले जातात. एरवी गिरमिट अडकू नये म्हणून त्याला तेल किंवा मेण लावतात, ते आम्ही पूर्णपणे वर्ज्य केले आणि प्रत्येक झाडानंतर गिरमिट अल्कोहोलने पुसला. उतारावरच्या सूचिपर्णी वृक्षांत उताराच्या खालच्या बाजूला दाट आणि वेगळ्या घडणीचे लाकूड तयार होते, म्हणून गिरमिट नेहमी उताराला आडवा चालवायचा, हाही एक कडक नियम होता.

झाडांची निवड याहून महत्त्वाची होती. राखेचा थर जाड असलेल्या भागातील झाडे, थर पातळ होत गेलेल्या भागातील झाडे, आणि राख पोहोचलीच नाही अशा वाऱ्याच्या उलट बाजूची, पण त्याच जातीची व तशाच मूळ खडकावरची झाडे, असे तीन गट आम्ही केले. तिसऱ्या गटासाठी इतका वेळ कशाला द्यायचा, असा प्रश्न गटाबाहेरच्या काहींनी विचारला होता. माझ्या मते संपूर्ण कामाचा भार त्याच गटावर होता, आणि त्याचे कारण पुढे आलेखांतून स्पष्ट झाले.

प्रयोगशाळेत रसायनाला हात लावण्यापूर्वी वलयांचे वर्ष ठरवणे भाग असते. सालीपासून आत मोजत गेले की वर्ष मिळते, असे वरवर वाटते, पण राखेखाली श्वास कोंडलेले किंवा पाने झडलेले झाड एखाद्या वर्षी खोडाच्या खालच्या भागात वलय तयारच करत नाही, तर एखाद्या वर्षी मध्येच वाढ थांबून पुन्हा सुरू झाल्याने एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. म्हणून अनेक झाडांच्या वलयांची रुंदी शेजारी ठेवून, दुष्काळी वर्षांची अरुंद वलये एकमेकांशी जुळवून, हरवलेली वलये शोधावी लागतात. आमच्या जाड राखेच्या गटात उद्रेकाच्या लगेच नंतरची वलये काही झाडांत मुळीच नव्हती. राख न पोहोचलेल्या झाडांची अखंड मालिका हाताशी नसती, तर त्या झाडांची रासायनिक खूण आम्ही चुकीच्या वर्षावर बसवली असती आणि ते कळण्याचा दुसरा मार्गही नव्हता.

सनसेट क्रेटरची कथा या संदर्भात मला विशेष बोधप्रद वाटते. तेथील उद्रेकाचे वर्ष दीर्घकाळ १०६४ मानले जात होते, कारण जवळच्या वुपात्की या प्राचीन वस्तीतील तुळयांची वलये त्या वर्षानंतर एकाएकी अरुंद झालेली होती. पण वलय अरुंद होण्यास राखच कारण असावी लागते असे नाही, आणि तुळईचे झाड मुळात कोठे वाढले होते हेही तुळई सांगत नाही. पुढे रासायनिक मापनासह इतर पुराव्यांचा एकत्र विचार झाला तेव्हा कल १०८५च्या सुमाराकडे झुकला. वलयाची रुंदी एवढेच सांगते की झाडाला त्या वर्षी त्रास झाला. त्रासाचे कारण शोधायचे असेल तर लाकडातील मूलद्रव्यांकडे जावे लागते.

वर्ष ठरवण्यासाठी वलये स्पष्ट दिसावी लागतात आणि त्यासाठी कांडी बारीक पॉलिश कागदाने घासतात. त्या कागदावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात, आणि ते लाकडाच्या पेशींत रुतून बसतात. त्यामुळे प्रत्येक झाडाच्या दोन कांड्या घेऊन एक वर्ष ठरवण्यासाठी घासली आणि दुसरी केवळ पात्याने तासून रसायनासाठी राखून ठेवली. राळेचा प्रश्न अधिक अवघड होता. पाइनच्या लाकडातील राळ वलयांच्या सीमा ओलांडून इकडेतिकडे जाते, म्हणून ती द्रावकाने काढून टाकावी असे एक मत आहे, पण त्याच धुण्यात पोटॅशियमसारखी सैल मूलद्रव्येही वाहून जाण्याचा धोका असतो. आम्ही काही कांड्या धुण्याआधी आणि नंतर अशा दोन्ही वेळी मोजल्या आणि ज्या मूलद्रव्यांचा आकृतिबंध धुण्याने बदलला, त्यांच्यावर निष्कर्ष उभारायचा नाही असे ठरवले. या निर्णयाने आमच्या हातातली काही आकर्षक उंचवट्यांची वलये गेली, पण माझ्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता.

मापनासाठी लेसर आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांची जोडी वापरली. लेसरचा बारीक झोत लाकडाच्या पृष्ठभागावरून वलयामागून वलय ओलांडत जातो आणि लाकडाचा सूक्ष्म धुरळा उडवतो. तो धुरळा हेलियमच्या प्रवाहाबरोबर आर्गॉनच्या अतितप्त प्लाझ्मात जातो, तिथे अणूंचे आयन होतात आणि वस्तुमानानुसार ते वेगळे मोजले जातात. वर्षाच्या सुरुवातीचे लाकूड विरळ आणि शेवटीचे दाट असते, त्यामुळे तेवढ्याच झोताने दाट लाकडातून अधिक द्रव्य उडते आणि प्रत्येक वलयाच्या शेवटी सगळीच मूलद्रव्ये वाढल्यासारखी दिसतात. हा भास काढण्यासाठी प्रत्येक मापन कार्बन-१३च्या मापनाशी ताडून पाहतात, कारण लाकडातील कार्बनचे प्रमाण जवळपास स्थिर असते. यंत्राची पातळी ठरवण्यासाठी काचेचे प्रमाण-नमुने सर्वत्र मिळतात, पण काच आणि लाकूड लेसरला सारखा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून रचना ठाऊक असलेल्या वनस्पतीच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या आम्ही सोबत मोजल्या.

गंधकाने आम्हाला सर्वांत जास्त थांबवून धरले. उद्रेकाचा सर्वांत नैसर्गिक साक्षीदार तोच, आणि या यंत्रात सर्वांत अवघडही तोच, कारण गंधकाच्या मुख्य समस्थानिकाचे वस्तुमान ३२ आहे आणि ऑक्सिजनचे दोन अणू एकत्र आले की तेही ३२ होतात. लाकडात आणि हवेत ऑक्सिजन भरपूर, गंधक अगदी थोडे. साध्या यंत्राला हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून गंधकाचे मापन आम्ही क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या, म्हणजे क्ष-किरण टाकल्यावर मूलद्रव्य स्वतः जे किरण सोडते त्यावरून ते ओळखण्याच्या, वेगळ्या पद्धतीने करून घेतले आणि मग दोन्ही मालिका वलयावर वलय ठेवून जुळवल्या. विरल मृदा मूलद्रव्यांबाबत, म्हणजे लँथॅनम, सेरियम यांसारख्या धातूंबाबत, अडचण वेगळी होती. ती जमिनीत आणि लाकडात फारशी हलत नाहीत, म्हणून खूण म्हणून उत्तम, पण लाकडात त्यांचे प्रमाण इतके अल्प असते की आमच्या नमुन्यांत ती मापनाच्या तळाशीच रेंगाळत राहिली.

आलेख काढण्याच्या टप्प्यावर गटाने एक शिस्त पाळली, जिचे महत्त्व मला आता अधिक पटते. विश्लेषण करणाऱ्यांना वलयांची वर्षे सांगितली नव्हती. आमच्यासमोर फक्त वलयांचे क्रमांक होते, तेही प्रत्येक झाडासाठी वेगळ्या ठिकाणापासून सुरू होणारे. प्रत्येक मालिकेत 'असाधारण' वाटणारी वलये आम्ही आधी निवडून लिहून ठेवली आणि त्यानंतरच वर्षे उघड केली. वर्ष ठाऊक असते तर नजर त्या वलयावर खिळली असती आणि तिथला प्रत्येक चढउतार उद्रेकाच्या नावे जमा झाला असता.

वर्षे उघड झाली तेव्हा सर्वांत ठळक उडी उद्रेकाच्या वर्षी नव्हती. ती होती रसकाष्ठ संपून मध्यकाष्ठ सुरू होते त्या सीमेवर. बाहेरचे जिवंत, पाणी वाहणारे लाकूड निकामी होऊन मध्यकाष्ठ बनताना झाड त्यातील पोटॅशियम, फॉस्फरस यांसारखी उपयोगी द्रव्ये आधी काढून घेते, त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंना प्रमाण एकदम बदलते. ही सीमा प्रत्येक झाडात वेगळ्या वर्षावर येते. सर्व झाडे कॅलेंडरच्या वर्षानुसार जुळवली तर ती पुसट होते, सालीपासूनच्या अंतरानुसार जुळवली तर स्पष्ट दिसते, आणि हा फरकच ती जैविक असल्याचा पुरावा आहे. एकाच झाडावर अवलंबून राहणाऱ्या अभ्यासात या सीमेला ज्वालामुखी समजण्याची भीती खरोखर मोठी आहे. त्याखेरीज कॅल्शियमची गाभ्यापासून बाहेरच्या दिशेने होणारी संथ घट होती, जी पेशीभित्तिकेतील त्याला धरून ठेवणाऱ्या जागा वयानुसार कमी होत जातात म्हणून होते. राख न पोहोचलेल्या झाडांतही एका दुष्काळी वर्षी मँगनीजचा असा उंचवटा होता की तो राखेच्या गटात सापडला असता, तर आम्ही त्याला निःशंकपणे उद्रेकाची खूण म्हटले असते.

हे सगळे वजा केल्यावर जे उरले ते असे. जाड राखेच्या गटातील बहुतेक झाडांत गंधकाची पातळी उद्रेकाच्या सुमारास चढू लागते आणि नंतर अनेक वलये चढलेलीच राहते. फॉस्फरसची वाढ काही झाडांत तीव्र आहे, काहींत मुळीच नाही. कॅल्शियम तर काही झाडांत वाढते आणि काहींत घटते. हा शेवटचा निकाल पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही मापन पुन्हा केले, पण चित्र तेच राहिले. कारण मातीच्या नमुन्यांत सापडले. ताजी राख स्वतः कॅल्शियम आणते, आणि उद्रेकातील वायूंनी आम्लधर्मी झालेले पाणी जमिनीतला कॅल्शियम धुऊन खोल नेते. यांपैकी कोणती क्रिया वरचढ ठरेल हे राखेची जाडी आणि मूळ जमीन यांवर ठरते. म्हणून 'कॅल्शियम वाढले म्हणजे उद्रेक' किंवा 'घटले म्हणजे उद्रेक' असा सरसकट नियम होऊ शकत नाही. नेहमीच्या चढउतारांच्या बाहेर गेलेला बदल, अनेक झाडांत, एकाच वेळी, एवढेच निदान करता येते.

त्यातही 'एकाच वेळी' हे शब्द जपून वापरावे लागतात. सूचिपर्णी वृक्षाच्या रसकाष्ठातून पाणी केवळ चालू वर्षाच्या वलयातून चढत नाही, आधीच्या अनेक वलयांतूनही चढते. त्यामुळे उद्रेकाच्या वर्षी मुळांनी घेतलेले एखादे चंचल मूलद्रव्य उद्रेकापूर्वी तयार झालेल्या लाकडातही जाऊन बसू शकते, आणि आमच्या काही झाडांत गंधकाची चढण प्रत्यक्ष उद्रेकाच्या आधीच्या वलयांतच सुरू झालेली दिसते. उलट बाजूने, जमिनीत आणि पालापाचोळ्यात अडकलेले गंधक हळूहळू सुटते, आणि खूण नंतरच्या वर्षांकडे ओढली जाते. दोन्ही ओढी एकाच वेळी काम करतात. ज्या उद्रेकाचे वर्ष आम्हाला ठाऊक होते, त्याचेही वर्ष निव्वळ रसायनावरून आम्ही एका वर्षाच्या अचूकतेने सांगू शकलो नसतो.

हा अनुभव घेतल्यानंतर थेरा, म्हणजेच सँटोरिनीच्या उद्रेकाविषयीचे लेखन मी वेगळ्या नजरेने वाचू लागले. कांस्ययुगातील एजियन समुद्राची सगळी कालगणना या एका उद्रेकाशी बांधलेली आहे, म्हणून त्याच्या वर्षावर दीर्घ वाद चालू आहे. १९८४ साली लामार्श आणि हर्शबेक यांनी अमेरिकेतील ब्रिसलकोन पाइनच्या इ.स.पू. १६२७ मधील हिमदग्ध वलयाकडे लक्ष वेधले आणि ते थेराचे असावे असे सुचवले. ऐन वाढीच्या काळात गोठणाऱ्या थंडीने पेशी चिरडल्या गेल्याची ती खूण आहे, आणि मोठ्या उद्रेकानंतर तशी थंडी पडते हे खरे आहे. पण ती थंडी कोणत्या उद्रेकाची, हे गोठलेली पेशी सांगू शकत नाही. पुढे २०२२ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फातील राखेच्या कणांवरून इ.स.पू. १६२८ चा मोठा उद्रेक अलास्कातील अ‍ॅनिअ‍ॅकचॅकचा असल्याचे दाखवले गेले.

रासायनिक बाजूने शार्लट पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न सातत्याने लावून धरला आहे. तुर्कस्तानातील पोर्सुक येथील प्राचीन लाकडात वाढीची जी विलक्षण विसंगती दिसते, तिच्या आसपास गंधक, कॅल्शियम आणि विरल मृदा मूलद्रव्ये वाढल्याचे त्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. २०२० मधील त्यांच्या कामात, वर्षावर्षाच्या कार्बन-१४ मापनाने कॅलेंडरशी बांधलेल्या जुनिपरच्या मालिकेत इ.स.पू. १५६० च्या वलयात कॅल्शियम घटल्याचे आढळले, आणि ते मोठ्या उद्रेकाशी सुसंगत मानले गेले. एका ठिकाणी वाढ आणि दुसऱ्या ठिकाणी घट वाचून पूर्वी मी गोंधळले असते. आता मी आधी हे पाहते की मालिका किती झाडांची आहे, वलय रसकाष्ठाच्या सीमेपासून किती दूर आहे, आणि शांत वर्षांतले चढउतार किती मोठे आहेत. इ.स.पू. १५६० ही थेराच्या उद्रेकासाठी गंभीरपणे विचारात घ्यावी अशी एक शक्यता आहे असे माझे मत आहे, त्यापलीकडे तो आलेख आज नेत नाही.

याउलट, वलयांच्या रसायनाने दिलेले सर्वांत नेमके उत्तर मला चीन आणि उत्तर कोरियाच्या सीमेवरील चांगबाइशान ज्वालामुखीच्या बाबतीत दिसते, आणि तिथली खूण ज्वालामुखीची नाहीच. ७७४-७७५ मध्ये वातावरणातील कार्बन-१४ एकदम उसळल्याचे फुसा मियाके यांनी २०१२ मध्ये जपानी देवदाराच्या वलयांत दाखवले. ती उसळी सूर्याकडून आलेल्या कणांमुळे झाली असे मानले जाते आणि ती जगभरच्या झाडांत त्याच वर्षी आहे. चांगबाइशानच्या उद्रेकात मेलेल्या एका लार्च वृक्षात ते ७७५चे वलय सापडले, तिथून सालीखालच्या शेवटच्या वलयापर्यंत मोजत गेल्यावर झाडाच्या मृत्यूचे वर्ष ९४६ निघाले. कार्बन प्रकाशसंश्लेषणातून थेट त्या वर्षीच्या सेल्युलोजमध्ये बांधला जातो आणि नंतर जागा सोडत नाही. गंधकाची आणि फॉस्फरसची जी चंचलता आम्हाला अडवत होती, ती इथे नाही.

आमच्या अहवालात आम्ही त्यानुसार भाषा ठरवली. रासायनिक बदलाची सुरुवात वर्षांच्या पट्ट्याने दिली, पट्ट्याची दोन्ही टोके कशामुळे रुंदावतात ते लिहिले, आणि राख न पोहोचलेल्या झाडांचे सगळे आलेख, त्यांत काहीही घडत नसले तरी, संपूर्ण छापायचे ठरवले. त्याच परिसरात, या उद्रेकाच्या राखेच्या बऱ्याच खाली, एका जुन्या अज्ञात उद्रेकाच्या थरात जळका ओंडका सापडला आहे, ज्याची साल शाबूत आहे. कार्बन-१४चे ढोबळ मापन अकराव्या शतकाकडे बोट दाखवते. म्हणजे ९९३-९९४ ची दुसरी ज्ञात उसळी त्याच्या वलयांत असण्याची शक्यता आहे. सध्या त्या ओंडक्याची वलये एकेक करून वेगळी करण्याचे काम चालू आहे. उसळीचे वलय सापडले तर त्यापासून सालीपर्यंत मोजून मृत्यूचे वर्ष ठरेल, आणि त्यानंतर त्याच काळात वाढून पुढेही जगलेल्या झाडांतील गंधकाची मालिका त्या वर्षाशी ताडून पाहता येईल.